‘रमी आहे गं, जुगार नाही!’

टीव्हीवरच्या त्या जाहिरातींच्या शेवटी एक माणूस यायचा, आठवतोय? दिसायचा नाही, नुसता ऐकू यायचा. आधी एखादा नट नाहीतर क्रिकेटपटू ऐटीत सांगून जायचा, की या, टीम लावा, पत्ते पिसा, लाखो जिंका. मग शेवटच्या चार-पाच सेकंदांत हा माणूस एका दमात म्हणून टाकायचा, की या खेळात आर्थिक जोखीम आहे, त्याची सवय लागू शकते, जबाबदारीने आणि स्वतःच्या जोखमीवर खेळा. इतकं भरभर, की आमच्या शेजारची दुसरीतली चिमुरडी त्याची नक्कल करून दाखवायची आणि सगळे हसायचे. ही सूचना देण्याचं बंधन जाहिरातवाल्यांच्याच स्वनियमन संस्थेनं डिसेंबर २०२० पासून घातलं होतं. गंमत म्हणजे सूचना नेहमीच्या बोलण्याच्या वेगानं वाचावी, असंही त्याच नियमात होतं. नेहमीचा वेग म्हणजे कुणाचा, हे मात्र विचारायचं नाही!

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला आणि हा माणूस एकदम गप्प झाला. बायकांच्या घोळक्यात त्या आठवड्यात दुसरा विषय नव्हता. ‘सुटलो बाई एकदाच्या,’ असं म्हणणाऱ्या कितीतरी भेटल्या. मी त्यांना हो म्हटलं, कारण मलाही बरं वाटलं होतं. पण ‘सुटलो’ हा शब्द काही माझ्या तोंडून निघेना. का निघेना, तेच आज सांगायचं आहे.

माझी सगळी नोकरी एका तालुक्याच्या गावच्या पतपेढीत झाली. त्यातली बरीचशी सोनेतारणाच्या खिडकीत. ही खिडकी म्हणजे गावाची नाडी असते. जूनमध्ये शाळेच्या फीसाठी पाटल्या येतात, पेरणीच्या आधी गोफ येतो, लग्नसराईत सगळं सोडवून नेतात आणि लग्न झालं की पुन्हा आणून ठेवतात. कुठला दागिना कधी येणार, हे आम्हाला ठाऊक असायचं. अर्जावर ‘कर्जाचे कारण’ अशी एक ओळ असते. तिथं शेती, शिक्षण, दवाखाना, घरदुरुस्ती असं काहीतरी लिहिलेलं असतं. काहीच सांगण्यासारखं नसलं की ‘घरगुती अडचण’.

टाळेबंदीनंतरच्या दोन-तीन वर्षांत या ‘घरगुती अडचणी’ वाढल्या. आणि त्यांना मोसम राहिला नाही. आयपीएल सुरू असताना जरा जास्त, एवढंच. येणारी बाई तिशीतली, नवरा सोबत. तो खिडकीपाशी न येता दारात उभा, हातात मोबाइल. आधी अंगठ्या, मग कानातले, मग बांगड्या. मंगळसूत्र सगळ्यात शेवटी आणि तेही आधी नुसत्या वाट्या काढून. काळी पोत गळ्यात राहते म्हणजे सासूच्या लक्षात येत नाही. सराफ काट्यावर दागिना ठेवतो तेव्हा त्या काट्याकडे बघत नसत, दाराकडे बघत. एकीला मी सहज विचारलं, ‘ताई, दवाखाना का गं?’ ती म्हणाली, ‘नाही हो मॅडम, ह्यांचं ते रमीचं. पण जुगार नाही म्हणतात, कोर्टानंच सांगितलंय.’

कोर्टानं सांगितलंय! हे वाक्य मी इतक्या जणींच्या तोंडून ऐकलं, की निवृत्तीनंतर मुद्दाम वकिलीच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या भाच्याला बसवून सगळं समजून घेतलं. तुम्हीही घ्या, कारण घरातलं भांडण याच वाक्यापाशी अडतं.

आपल्याकडचा जुगाराचा मूळ कायदा १८६७ चा, इंग्रजांच्या वेळचा. आपल्या मुंबई इलाख्याचा वेगळा, १८८७ चा. या कायद्यांनी निव्वळ कौशल्याचा खेळ जुगारातून बाहेर ठेवला. नशिबाचा तो जुगार, डोक्याचा तो खेळ, अशी वाटणी. पुढं १९५७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ही वाटणी पक्की केली. आणि १९६८ मध्ये रमीचा निकाल लागला. सिकंदराबादच्या एका क्लबावर पोलिसांनी धाड घातली होती, तेरा पत्त्यांची रमी पैसे लावून चालली होती. न्यायालय म्हणालं, रमीत पत्ते लक्षात ठेवावे लागतात, कुठला टाकायचा, कुठला धरायचा याला अक्कल लागते, तेव्हा तीन पत्तीसारखा हा नुसत्या नशिबाचा खेळ नव्हे.

कंपन्यांनी हे एवढंच उचललं. पण त्याच निकालात पुढं असंही आहे, की क्लबचा मालक जर या खेळातून नफा काढत असेल, तर गुन्हा ठरू शकतो. हे पुढचं कुणी तुम्हाला जाहिरातीत सांगितलं? सिकंदराबादच्या त्या क्लबात चार ओळखीची माणसं समोरासमोर बसली होती. इथं समोर कोण बसलंय हेही दिसत नाही, एका वेळी लाखो जण बसलेत, रात्रंदिवस बसलेत, आणि प्रत्येक डावातून आपला वाटा काढून घेणारी कंपनी आहे. १९६८ सालचं पत्त्यांचं टेबल आणि हे, या दोन्हीला एकच शब्द कसा लावायचा? पण लावला गेला. क्रिकेटची टीम लावण्याच्या खेळालाही मुंबई उच्च न्यायालयानं २०१९ मध्ये कौशल्याचा खेळ मानलं. मग काय, रस्ता मोकळा.

माझं तर म्हणणं आहे की कौशल्य की नशीब हा सगळा वादच पुरुषी आहे. (रागावू नका.) खेळणाऱ्याच्या अहंकाराला तो बरा वाटतो. मी हुशार आहे, मला पत्ते कळतात, मागच्या वेळी एका पत्त्यानं गेलं. मटक्यात हरलेला माणूस नशिबाला शिव्या देऊन घरी येत असे. रमीत हरलेला माणूस ‘थोडक्यात चुकलो’ म्हणून पुन्हा बसतो. म्हणजे कौशल्याचा खेळ असणं हे सवय लागण्याच्या बाबतीत उलट जास्त वाईट! आणि जिच्या डब्यातले दळणाचे पैसे गेले, तिला ते कौशल्यानं गेले की नशिबानं, यानं काय फरक पडतो?

मटक्याचं नाव आलंच आहे तर सांगते. ज्यांचे वडील, सासरे गिरणीत होते त्यांना मी नवीन काही सांगत नाही. न्यूयॉर्कच्या कापूसबाजारात भाव काय फुटेल आणि बंद होताना काय असेल, यावर मुंबईत पैसे लागायचे. ते भाव यायचे बंद झाले तेव्हा १९६० च्या दशकात मडक्यातून चिठ्ठ्या काढून आकडा फोडायला लागले, म्हणून ‘मटका’. कल्याणजी भगत आणि रतन खत्री ही नावं तेव्हा गिरणगावात पोराटोरांना ठाऊक होती. पगाराच्या दिवशी गिरणीच्या फाटकाशी बायका उभ्या राहायच्या, पगार आकड्यावर जाण्याआधी हातात यावा म्हणून.

मटका वाईटच. संसार धुळीला मिळाले त्यानं. पण मटक्याला एक जागा होती. टपरी होती, चिठ्ठी लिहिणारा माणूस होता, त्याला बाई नावानं ओळखत असे आणि वेळ आली तर भर रस्त्यात त्याची गचांडी धरत असे. पोरगं पाठवून ‘बाबांना घरी बोलावलंय’ सांगता येत होतं. आकडा दिवसातून ठरलेल्या वेळीच फुटायचा. खिशातले पैसे संपले की त्या दिवसाचा खेळ संपला.

आता टपरी उशीखाली आहे. नवरा शेजारी झोपलेला दिसतो आणि खेळत असतो. खिसा संपत नाही, कारण खिसा म्हणजे बँकेचं खातं, आणि खातं संपलं की त्याच फोनवर पाच मिनिटांत कर्ज देणारं ॲप. २०१६ मध्ये स्वस्त इंटरनेट आलं, त्याच वर्षी यूपीआय आलं. दोन्ही चांगल्या गोष्टी, मीही भाजीवालीला त्यानंच पैसे देते. त्यातून २०२० ची टाळेबंदी आली. माणसं घरात, कामधंदा बंद, हातात फोन. बी पेरायला याहून चांगली वाफ कुठली?

सुरुवात कशी होते ते एकीनं मला नीट सांगितलं. तिचा नवरा एमआयडीसीत कंत्राटी कामगार. नाव नोंदवलं की काही रुपये फुकट मिळाले. ते खेळून थोडे वाढले, खात्यात खरोखर जमाही झाले. त्या रविवारी त्यानं चिकन आणलं. पुढं पन्नास-शंभर घालू लागला. मग हरलेले भरून काढायला पाचशे. कंपनीला कळतं की गडी दोन दिवस आला नाही, की लगेच संदेश, ‘तुमच्यासाठी खास बोनस’. रात्री एक-दीडला फोनचा उजेड तोंडावर. हिला पहिल्यांदा वाटलं, बाहेर काही भानगड आहे. तिनं भावाला बोलावलं, दोन्हीकडची माणसं बसली, फोन उघडला, तर आत बाई नव्हतीच, पत्ते होते. ‘मॅडम, मला इतकं हलकं वाटलं तेव्हा,’ ती म्हणाली. ‘म्हटलं, पत्तेच आहेत ना, असू दे.’ तिच्या बांगड्या त्यानंतर चार महिन्यांनी आमच्याकडे आल्या.

हे मी सांगते आहे कारण आपल्या मनात व्यसनाचं एक चित्र असतं. दारू प्यायलेला माणूस वास मारतो, पडतो, शेजाऱ्यांना दिसतो. याला वास नाही. कामावर जातो, वेळेवर घरी येतो, पोरांना ओरडत नाही, उलट गप्प असतो. सासू म्हणते, माझा मुलगा सुपारीच्या खांडालाही शिवत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत जुगाराचं व्यसन हा स्वतंत्र आजार आहे, पण आपल्याकडे अजून त्याला ‘पैसे उडवण्याची खोड’ म्हणतात. खोड शपथेनं सुटते अशी आपली समजूत, म्हणून मग पोराच्या डोक्यावर हात ठेवून शपथा. त्या मोडल्या की आणखी अपराधी वाटणं आणि आणखी लपवणं.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे लिहायला हवी. या पुरवणीत लिहायचं म्हटलं की नवरा खेळतो आणि बायको सोसते एवढंच लिहिणं सोपं असतं. पण टाळेबंदीत पैसे लावून लुडो खेळणाऱ्या बायका मी पाहिल्यात. दुपारची भांडी झाली की पाच-दहा रुपयांचा डाव. ‘भिशीसारखंच आहे हो.’ नाही, भिशीसारखं नाही. भिशीत तुमचे पैसे आज ना उद्या तुमच्याकडेच येतात, आणि प्रत्येक भिशीतून कुणी टक्केवारी काढत नाही. नवरा हरला तर निदान चार जण तिची कीव करतात. बाई हरली तर ती माहेरीही सांगू शकत नाही.

आता सरकारचं. सरकारचं या बाबतीतलं वागणं पाहिलं की मला आमच्या आळीतले एक काका आठवतात. दारूवर भाषण देणार आणि गुत्त्याच्या जागेचं भाडंही घेणार. राज्याची लॉटरी आपल्याकडे १९६९ पासून आहे. कॅसिनोचा कायदा आपल्या विधिमंडळानं १९७६ मध्ये करून ठेवला, एकदाही अमलात आणला नाही आणि २०२३ मध्ये रद्द केला. सत्तेचाळीस वर्षं कपाटात! शेजारच्या गोव्यात मांडवीत बोटी उभ्या आहेत.

ऑनलाइनचंही तसंच झालं. जुगार हा घटनेप्रमाणे राज्यांचा विषय, इंटरनेट केंद्राचं. त्यामुळे दोघं एकमेकांकडे बोट दाखवत. तेलंगणानं २०१७ मध्ये बंदी घातली, आंध्रनं २०२० मध्ये. कर्नाटकानं २०२१ मध्ये घातली तर उच्च न्यायालयानं ती पुढच्या वर्षी रद्द केली. तामिळनाडूत आत्महत्या वाढल्या तेव्हा निवृत्त न्यायमूर्ती चंद्रू यांची समिती नेमली गेली आणि तिथं कायदा झाला. पुढं २०२५ मध्ये त्यांनी नियम केला, की मध्यरात्री बारा ते पहाटे पाच पैशांचा खेळ बंद. मला विचाराल तर या सगळ्या कायदेबाजीत बायकांच्या मनातलं कुणी ओळखलं असेल तर या एका नियमानं. कंपन्या त्याविरुद्ध न्यायालयात गेल्या, मद्रास उच्च न्यायालयानं जून २०२५ मध्ये नियम कायम ठेवला. बारा ते पाच बंद ठेवायला यांना का जड जात होतं, याचा विचार करा. झोपायच्या वेळेलाच धंदा जास्त होत असणार, दुसरं काय?

केंद्रानं एप्रिल २०२३ मध्ये नियम केले. त्यात म्हटलं, कंपन्यांनी स्वनियमन संस्था उभाराव्यात आणि त्या संस्था ठरवतील कुठला खेळ चालेल. मांजरांची समिती नेमून दुधावर देखरेख! ती व्यवस्था कधी उभीच राहिली नाही. पण कराचं मात्र लगेच जमलं. १ ऑक्टोबर २०२३ पासून लावलेल्या संपूर्ण रकमेवर २८ टक्के जीएसटी. पुढच्या सहा महिन्यांत ऑनलाइन गेमिंगमधून ६,९०९ कोटी रुपये आले, आधीपेक्षा ४१२ टक्के जास्त, असं अर्थमंत्र्यांनी सप्टेंबर २०२४ मध्ये सांगितलं. बातमी वाचताना मला त्या कोटींमध्ये आमच्या खिडकीतून गेलेल्या बांगड्यांचे किती, असा वेडा विचार आला होता.

आपल्या महाराष्ट्रानं काय केलं? जुलै २०२५ मध्ये तेव्हाचे कृषिमंत्री माणिकराव कोकाटे यांचा विधान परिषदेत मोबाइलवर पत्ते दिसणारा व्हिडिओ सगळ्यांनी पाहिला. आपण खेळत नव्हतो, आलेली जाहिरात बंद करत होतो, असं त्यांनी सांगितलं. काही दिवसांनी त्यांचं कृषी खातं काढून त्यांना क्रीडा खातं दिलं गेलं. मी यावर काहीच बोलत नाही. तुम्ही हसलात ना, पुरे.

तर असा सगळा गोंधळ असताना २० ऑगस्ट २०२५ ला लोकसभेत विधेयक आलं, त्याच दिवशी मंजूर झालं, दुसऱ्या दिवशी राज्यसभेत, तिसऱ्या दिवशी राष्ट्रपतींची सही. तीन दिवस! पंचेचाळीस कोटी लोक दरवर्षी सुमारे वीस हजार कोटी रुपये यात घालवतात, असा सरकारचा अंदाज तेव्हा पुढं आला. कायद्यानं कौशल्य की नशीब हा वादच बाजूला सारला. पैसे लावून, पैसे जिंकायच्या आशेनं खेळायचा ऑनलाइन खेळ, मग तो कसलाही असो, बंद. चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत आणि पन्नास लाखांपर्यंत, पैसे पोचवणाऱ्या बँकांनाही शिक्षा. खेळणाऱ्याला शिक्षा नाही. हे मला फार पटलं. घरातल्या माणसाला पोलीस नेतील म्हणून बाईनं गप्प बसावं, अशी वेळ येणार नाही. मोठमोठ्या कंपन्यांनी आठवड्याभरात पैशांचे खेळ बंद केले. भारतीय संघाच्या जर्सीवरचं नाव गेलं, ते २०२३ मध्ये तीन वर्षांसाठी ३५८ कोटींना लागलं होतं. कंपन्या न्यायालयात गेल्या आणि वेगवेगळ्या उच्च न्यायालयांतल्या या याचिका सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्वतःकडे घेतल्या.

कंपन्यांचं म्हणणं होतं, बंदीपेक्षा नियमन बरं. आमच्याकडे हजारो मुलं नोकरीला आहेत, आम्ही कर भरतो, आम्ही गेलो तर परदेशातले बेकायदा सट्टेवाले येतील. यातलं शेवटचं खरं आहे. ते आधीच आलेले होते. महादेव ॲपचं प्रकरण २०२३ मध्ये गाजलं, दुबईतून चालणारं, छत्तीसगडच्या माणसांचं. एक बंद केलं की दुसऱ्या नावानं उघडायचं ही त्यांची रीत. नोकऱ्या गेलेल्या मुलांचंही मला वाईट वाटतं, त्यांच्याही आया आहेत. पण नियमन बरं होतं हे कंपन्यांना त्यांची दुकानं जोरात चालू असताना का सुचलं नाही? माणूस महिन्याला किती घालवतो याला मर्यादा घाला, रात्री बंद ठेवा, कर्ज काढून खेळू देऊ नका, हे त्यांना कुणी अडवलं होतं? ब्रिटनमध्ये क्रेडिट कार्डानं जुगार खेळायला एप्रिल २०२० पासून बंदी आहे. एकदा नाव नोंदवलं की सगळ्या परवानाधारक संकेतस्थळांवरून तुम्हाला बाहेर ठेवणारी सोय तिथं आहे, ऑस्ट्रेलियातही २०२३ पासून आहे. तिथंही संसार मोडतातच, ते काही नंदनवन नव्हे. पण परवाना देणारं सरकार कंपनीला ‘हा माणूस एवढा हरतोय, तुम्ही काय केलंत?’ असं विचारू तरी शकतं.

म्हणून मी बंदीच्या बाजूची आहे, पण हातचं राखून. बंदीनं जाहिरात गेली, हे मोठं काम झालं. नवीन पोरगं सहज ओढलं जाणार नाही. पण ज्याला आधीच सवय लागली आहे त्याचं काय? दुकान बंद झालं म्हणून तलफ बंद होत नाही. तो ‘टेलिग्राम’वर कुणीतरी पाठवलेल्या लिंकवर जातो. तिथं जिंकलेले पैसे मिळत नाहीत आणि तक्रार करायची सोयही नाही. आणि तिथंच बायकांसाठी एक नवा सापळा आहे, तो नीट ऐका.

या बेकायदा सट्ट्याचे पैसे फिरवायला खाती लागतात. दुसऱ्याच्या नावची, साधी, कुणाच्या डोळ्यांत न येणारी. बचत गटातल्या, शून्य रकमेवर उघडलेल्या खात्यांवर यांचा डोळा. ‘वहिनी, तुमचं खातं नुसतं पडूनच आहे ना, एटीएम कार्ड आणि सिम द्या, महिन्याला दोन-तीन हजार घ्या.’ सांगणारा गावातलाच, ओळखीचा. खातं भाड्यानं देणं हा काही घरबसल्या रोजगार नाही. त्या खात्यावरून गेलेल्या प्रत्येक रुपयाचा जाब पोलीस खातेदाराला विचारतात, आणि खातेदार तुम्ही. दिलं असेल तर आजच बँकेत जाऊन लेखी कळवा. फसवणूक झाली असेल तर १९३० हा सायबर तक्रारीचा नंबर आहे.

आणखी एक खुपतं. वीस हजार कोटींच्या नुकसानीसाठी तीन दिवसांत कायदा झाला, चांगलं झालं. पण सेबीनंच सप्टेंबर २०२४ मध्ये सांगितलं होतं, की शेअर बाजारातल्या फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये तीन वर्षांत ९३ टक्के सामान्य गुंतवणूकदार तोट्यात गेले आणि एकूण तोटा १.८ लाख कोटींच्या वर होता. तीही फोनवरच, तीही ‘थोडक्यात चुकलो’ म्हणूनच. तिथं कडक नियम झाले, बंदी नाही. त्याला गुंतवणूक म्हणतात. रमीवाल्याचा मोबाइल काढून घेणारे सासरे ऑप्शन्सवाल्या जावयाचं कौतुक करताना मी पाहिलेत. तो टाय लावतो ना!

आता कर्जाचं. द्रौपदीनं भर सभेत विचारलं होतं, की आधी स्वतःला हरलेल्या माणसाला मला पणाला लावायचा हक्क उरतो का? भीष्मासारख्याला उत्तर देता आलं नाही. आपल्या कायद्यात निदान उत्तर आहे, फक्त ते बायकांना कुणी सांगत नाही. नवऱ्यानं स्वतःच्या नावावर घेतलेलं वैयक्तिक कर्ज फेडायला बायको बांधील नाही. सहकर्जदार किंवा जामीनदार म्हणून तिची सही असेल तर मात्र आहे. नवरा गेला तर वारसांवर त्याच्या मागं राहिलेल्या मालमत्तेपुरतीच जबाबदारी येते, बाईच्या स्त्रीधनावर किंवा पगारावर नाही. वसुलीसाठी सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करायला रिझर्व्ह बँकेची मनाई आहे. फोनमधले सगळे नंबर उचलून नातेवाइकांना ‘हा बुडवा आहे’ असे संदेश पाठवणंही नियमात बसत नाही. हे करणारं ॲप बहुतेक वेळा रिझर्व्ह बँकेशी काही संबंध नसलेलंच असतं.

खिडकीत बसून मी किती सह्या घेतल्या असतील! ‘इथं करा ताई’ म्हटलं की बाई करायची. कशावर करतेय हे विचारणारी शंभरात एखादी. दागिना तिच्या माहेरचा, सही तिची, पैसे मोजून घेणारा दारात उभा. अर्ज वाचून दाखवा म्हणायचा तुम्हाला हक्क आहे आणि कारकुनाला तो वाचून दाखवावा लागतो, रांग कितीही असो. सोनं सोडवायची पावती स्वतःजवळ ठेवा, नवऱ्याच्या पाकिटात नको.

ज्याला सुटायचं आहे त्याला नुसतं रागावून उपयोग नाही. पगार बायकोच्या किंवा आईच्या खात्यात वळवणं, फोनमधलं यूपीआय काढून टाकणं किंवा त्याची मर्यादा अगदी खाली आणणं, एटीएम कार्ड घरी ठेवणं, हे त्याच्या संमतीनं, त्याच्यासमोर करा. चोरून केलं की तो दुसरं सिम घेतो. देणी किती हे एकदा कागदावर लिहून काढा. पहिल्यांदा सांगितलेला आकडा कधीच पूर्ण नसतो. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा विचारावं लागतं, आणि तेव्हा ओरडलात तर चौथा आकडा कळत नाही. सगळी देणी एकदम माहेरच्या पैशांनी फेडू नका, हात मोकळा झाला की खेळ पुन्हा सुरू झालेला मी अनेकदा पाहिलाय. आणि ‘मी आता राहून काय करू’ असं बोलू लागला तर ते नाटक समजू नका, त्याला त्या रात्री एकटं सोडू नका.

सरकारची ‘टेलिमानस’ नावाची फुकट मदतवाहिनी आहे, १४४१६. दिवसरात्र चालू असते, मराठीत बोलता येतं. खेळणारा फोन करायला तयार नसेल तर तुम्ही स्वतःसाठी करा. त्यासाठी त्याची परवानगी लागत नाही.